खरे, खोट्टी

शहापूरच्या पेठेत आमच्या दुकानाचं तोंड उत्तरेला.
मामांनी जागा घेतली ती भाडं बघून नाही, उजेड बघून.
उत्तरेचा उजेड कुणाची भीड ठेवत नाही, म्हणायचे,
दिवा लागला की तांबडं ते सगळंच माणिक.
म्हणून सांजेनंतर आम्ही साखळ्यांचे फासे बसवतो,
नथीची तार सरळ करतो,
खडा बघत नाही.

मामा गेले. भिंग माझ्याकडे आलं,
त्यांच्या भुवईच्या घामानं काळं पडलेलं पितळ,
आणि चार वाक्यं:
श्वास सोड वर, काचेवर वाफ रेंगाळते.
जिभेला लाव, दगड गार लागतो नि गारच राहतो.
फार स्वच्छ दिसला तर खुर्ची पुढं ओढ.
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं काय बघूलास,
खडा खाली आहे.

फकीरव्वा तल्लूर आली बैलहोंगलच्या गाडीनं.
टेकली. चंची सोडली.
सुपारी निघाली, चुन्याची डबी, अडकित्ता,
मग अंगठी.
काउंटरवर ठेवून म्हणाली,
"खरे ऐतो, खोट्टी ऐतो?"

माझं कन्नड बाजारापुरतं.
इथं तेवढंही लागलं नाही.

नवरा गूळ भरून मिरजेला जायचा,
परतताना एकदा ही घेऊन आला, एवढं तिनं सांगितलं.
मी दारात गेलो.
श्वास सोडला, वाफ टिकलीच नाही.
जिभेला गार.
आत बुडबुडा नाही, चीर नाही,
नुसती लाली, धुऊन काढल्यासारखी.
मी खुर्ची ओढली.
तिरपा धरला, आणखी थोडा तिरपा,
आणि रेघा दिसल्या,
वाकलेल्या, एकीच्या पाठीला एक,
ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा.
जमिनीत वाढलेल्या माणकाला
असं वळायला कुणी शिकवत नाही.
भट्टीतला होता.
तसं म्हटलं तर माणिकच,
फक्त एका दुपारी झालेलं.

"तसं म्हटलं तर" माझ्या जिभेवर आलं होतं.
सोपं होतं. खोटंही नव्हतं.
मी तिच्या तोंडाकडं बघितलं, मामा, बघितलं.
ती सुपारी कातरत होती.

"खोट्टी," मी म्हणालो.

अडकित्ता थांबला नाही.
"गोत्त," ती म्हणाली. ठाऊक आहे.
तापात पडला होता तेव्हा त्यानंच सांगितलं,
लग्नाला तीन वर्षं झाली होती.
तिकडं खडेबाजारात दोघांना दाखवली सकाळी,
दोघंही खरे म्हणाले,
नव्या सोन्यात बसवून देतो म्हणाले, आजच.

मग चुन्याच्या डबीखालून
तिनं कागदाची पुडी काढली.
आईच्या आईचा, म्हणाली.
तुरीच्या डाळीएवढा, मळका,
एका कडेला टवका गेलेला.
भिंगाखाली नुसता गोंधळ:
धागे, भेगा, धुकं,
आणि मध्येच काहीतरी गोल,
बुडबुडा म्हणावा तर कोपरा असलेलं.
मी दारात उभा राहिलो, उजेड हलेपर्यंत.
समोरच्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हीत मालकाचं नाव पुसट.
चारही वाक्यं वापरून झाली.

"गोत्तिल्ल," मी म्हणालो.
हा शब्द मला मराठीत कधी नीट बोलता आला नव्हता.

तिनं पुडी माझ्याकडं सरकवली. ठेव.
जयपूरला पाठवावा लागेल,
महिना लागेल, खर्च येईल.
लागू दे.

पावती लिहिली: लाल खडा, एक.
वजन सव्वादोन रत्ती. एक कड फुटकी.
खरा म्हणून घेतला नाही, खोटा म्हणूनही नाही.
मराठीत लिहिलेलं तिला वाचता येईना,
वाच म्हणाली.
मी वाचलं. दोन शब्दांवर तिनं मान हलवली,
उरलेलं मी मोडक्या कन्नडात सांगितलं.

जाताना अंगठी परत बोटात घातली.
सांध्यावर अडली.
तिनं थुंकी लावली,
आणि फिरवत, फिरवत
आत बसवली.